डाव्याची टकटक

मी उजवा बोलतोय. गाडीच्या पुढच्या उजव्या चाकाआड बसलेला लोखंडी सांधा. मिस्त्री लोक मला सीव्ही जॉइंट म्हणतात. इंजिनाचा जोर चाकापर्यंत न्यायचा आणि चाक कितीही वळलं तरी तो तुटू द्यायचा नाही, हे माझं काम. तुम्ही मला कधी पाहिलं नसेल. माझं नाव कुणी घेत नाही, कारण मी आवाज करत नाही.

आवाज करायचा तो डावा. पलीकडच्या चाकाचा माझा जुळा भाऊ. एकाच कारखान्यात घडलो आम्ही. दोघांच्याही पोटात पोलादी गोळ्या, भोवती काळं ग्रीस आणि ते सांडू नये म्हणून वर घड्याघड्यांचा रबरी बूट. तिथं कुणी डावंउजवं केलं नव्हतं.

आमची गाडी ड्रायव्हिंग स्कूलची. मालक तेच शिक्षक. सगळे त्यांना सर म्हणतात. ते शिकाऊ माणसाच्या डावीकडे बसायचे, पायाशी जास्तीचा ब्रेक घेऊन. मैदानात पत्र्याचे ड्रम मांडलेले असत आणि त्यांच्याभोवतीचे फेरे कायम उजवीकडे वळत. ड्रम आपल्या खिडकीतून दिसला की नवख्याला धीर येतो, असं सरांचं म्हणणं. पण उजवीकडे वळताना भार पडतो बाहेरच्या बाजूवर, म्हणजे डाव्यावर. गोल गोल फिरून त्याचा बूट फाटला, ग्रीस उडालं, धूळ आत शिरली आणि प्रत्येक वळणावर तो बोलू लागला. टक टक टक.

झालं, गाडीत दुसरा विषयच उरला नाही. शिकाऊ मंडळी काच खाली करून कान लावायची. सर स्टिअरिंग पूर्ण फिरवायला लावून सावकाश गाडी चालवायला सांगत आणि डाव्याला पुन्हा पुन्हा बोलतं करत. लाडक्या पोराला पाहुण्यांपुढे गाणं म्हणायला लावावं, तसं. मी पलीकडे नुसता जळत होतो. मीही तितकाच रस्ता तुडवला होता. पण जो कुरकुरतो त्याच्यामागे सगळे धावतात आणि निमूट राबणाऱ्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. हा कुठला न्याय?

तशी निमूट राबणारी गाडीत आणखी एक होती. सरांची लेक. शिकवायचा परवाना तिच्याकडेही होता, पण ती रोज मागच्या सीटवर, सरांच्या बरोबर पाठीमागे बसायची. डावीकडून एखादी स्कूटर घुसली की ती सरांच्या खांद्यावर हळूच बोट टेकवायची आणि सर ब्रेक दाबायचे. मला वाटायचं, हिलाही कुणी विचारत नाही, म्हणून ही मधे मधे करते.

शेवटी गाडी गॅरेजात आली. मिस्त्री सरांकडेच गाडी शिकलेला. आवाज कुठल्या बाजूचा, असं त्यानं विचारलं.

"उजव्या," सर म्हणाले. सरांचा शब्द म्हणजे त्याला काळ्या दगडावरची रेघ.

गाडी जॅकवर चढली आणि मी हवेत तरंगू लागलो. मिस्त्रीनं मला बाहेर काढलं, ग्रीस पुसलं, एकेक गोळी उजेडात धरून पाहिली. उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी मला हातात घेतलं होतं. मला चारी बाजूंनी हलवून तो म्हणाला, "सर, हा तर ठणठणीत आहे."

आता कौतुक होईल, असं मला वाटलं. सरांचा चेहरा पडला. "नीट बघ. माझा कान चुकत नाही."

ठणठणीत असल्याबद्दल बोलणी खाणारा मीच पहिला असेन. मिस्त्री बिचारा मला पुन्हा चाचपू लागला, तेव्हा लेक पुढे आली.

"बाबा, आवाज डावीकडून येतोय."

"मग मला उजवीकडून कसा येतो?"

"कारण तुमच्या डाव्या कानानं ऐकू येत नाही. म्हणून तर मी मागे बसते."

मिस्त्रीचा हात थांबला. वर्षानुवर्षं खिडकीशी बसून रस्त्याचे हॉर्न झेललेला तो कान. सरांना ते ठाऊक होतं, फक्त कुणाला कळू द्यायचं नव्हतं. कान गेला म्हटलं की सीट गेली, आणि सीट गेली की मग सर म्हणून हाक कोण मारणार?

"इतके दिवस बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर दुसऱ्या दिवशी मला घरी बसवलं असतंत. मग डावीकडे कुणी बघितलं असतं?"

सरांनी डाव्या चाकाकडे बोट दाखवलं. मिस्त्रीनं मुकाट्यानं डावं चाक खोललं. आतून सगळीकडे ग्रीसचे शिंतोडे, बूट चिरलेला. डावा भंगारात गेला. जाताना त्याच्याभोवती सगळे जमले होते. खोटं कशाला बोलू, मला त्याचाही हेवा वाटला. त्याच्या जागी नवा चकचकीत डावा आला. उजवाही बदलू का, असं मिस्त्रीनं विचारलं. सर म्हणाले, उजव्याचं काय चुकलंय? त्याला ताजं ग्रीस भर.

दुसऱ्या दिवशी सर आले आणि मागचं दार उघडून बसले. पुढच्या सीटवर लेक. तिचा पहिलाच हुकूम, यापुढे अर्धे फेरे डावीकडे वळायचे. ड्रम दिसणार नाही, नवखा घाबरेल, सर मागून कुरकुरले.

"आरसा आहे ना, बाबा. आरशात बघायला शिकू दे."

तेव्हापासून डाव्या वळणाचा भार माझ्यावर आहे. जड जातं, पण छाती फुगते. आज वळताना मात्र माझ्या पोटातून एक बारीकशी टक निघाली. एकच. इंजिनाच्या घरघरीत ती कुणाला ऐकू जाणार?

लेकीनं गाडी थांबवायला सांगितली. "उजवीकडे काहीतरी वाजलं."

"मलाही आलं ऐकू," मागून सर म्हणाले. त्यांच्या आवाजात केवढा आनंद होता.

तुमच्याकडेही माझ्यासारखे पुष्कळ असतील. टकटक सुरू व्हायची वाट बघू नका, आधीच एकदा वाकून बघा. मी आता आवरतं घेतो. बापलेक दोघंही गुडघे टेकून माझ्या चाकाआड डोकावताहेत, आणि पलीकडचा तो नवा चकचकीत डावा, खरं सांगतो, जळतोय.