सभा बसण्याआधीचं गाणं

या, असे जवळ सरका. दाराशी बसलेल्यांनी आत या, समईचा उजेड सगळ्यांना पुरेल. आज एका ख्रिस्ती पाळकाची गोष्ट सांगायची आहे. त्याला धड बोलता येत नव्हतं, आणि तरी बारा वर्षं एका संस्थानाची प्रजासभा त्याच्याच तोंडून उघडत होती. गोष्ट खुशीची आहे, तेव्हा पदर डोळ्यांना लावायची घाई करू नका.

त्याचं नाव रेव्हरंड कुंडलिक आवळे. कोल्हापुराकडून सोलापुरात गिरणीकामाला आलेल्या वीसेक प्रेसबिटेरियन घरांचा तो पाळक. गोरा, उंच, आणि बोलायला लागला की जीभ अशी अडायची की ऐकणाऱ्याच्याच घशाला कोरड पडावी. पण तोच माणूस गायला लागला की अडणं कुठल्या कुठं! पाळकीच्या परीक्षेत मिशनच्या साहेबलोकांनी प्रश्न विचारले, तेव्हा यानं सगळी उत्तरं ओवीत दिली. साहेब एकमेकांकडे बघत राहिले. शेवटी म्हातारा साहेब म्हणाला, "स्तोत्रं रचणाऱ्या दाविद राजानंसुद्धा गाऊनच सांगितलं होतं," आणि सही केली.

तेव्हापासून त्याचा उपदेश म्हणजे कीर्तन. घरातसुद्धा तेच. जेवताना, "गोजर, आमटीत मीठ गं कमीऽ" असं चालीत ऐकू यायचं, आणि त्याची बायको गोजरबाई चुलीपासनं उलट जबाब टाकायची, "मीठ घेते, पण दुसरं कडवं नगं!" कीर्तनात चिपळ्या तिच्या. त्याचा श्वास कुठं संपतो आणि धृपद कुठं उचलायचं, हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

सन एकोणीसशे सव्वीसच्या सुमारास मैंदर्गीच्या अंगाला असलेल्या एका लहानशा संस्थानात राजेसाहेबांनी प्रजासभा काढली. विलायतेतल्यासारखी सभेआधी प्रार्थना व्हावी अशी त्यांची हौस. शास्त्रीबुवा म्हणाले, आमचा मंत्र आधी. लिंगायतांचे जंगमस्वामी म्हणाले, आमचा. महिनाभर भांडण चाललं. राजेसाहेब कंटाळून म्हणाले, "दोघांच्याही पंगतीत न बसणारा तो सोलापूरचा पाद्री बोलवा. मैंदर्गीत मी त्याचं कीर्तन ऐकलंय."

वकील वीरभद्रप्पा उठून उभे राहिले. कपाळावर भस्माचे पट्टे, आवाज नगाऱ्यासारखा. "पाद्री कीर्तन करणार आणि आम्ही माना डोलावणार? ही सभा आहे, जत्रा नव्हे!" कायद्यांची वही त्यांनीच लिहिली होती, तिच्यात त्यांनी बारावा नियम घातला : सभागृहात गाणेबजावणे मना. नेमणुकीला मात्र सभासदांनी हात वर केले. वकिलांचा हात तेवढा मांडीवर राहिला.

कागद सोलापुरात आला. प्रार्थना दोन मिनिटं, वाचून.

गोजरबाईनं कागद ऐकला आणि नवऱ्याकडे पाहिलं. आठ दिवस तो लिहून काढलेली प्रार्थना पाठ करत होता. पहिल्याच शब्दावर, 'हे पित्या' यावर, गाडी रुतायची. जायच्या दिवशी सकाळी कोटाची बटणं लावता लावता तो म्हणाला, "गो-गो-गोजर, आ-आज अडलो, तर पा-पाळकी सोडीन. मा-मागावर बसीन."

हे त्यानं गाऊन सांगितलं नाही, बोलून सांगितलं. तेव्हा तिला कळलं, की माणूस खरंच बोलतोय. "व्हय व्हय, बसा की मागावर," ती वरवर म्हणाली. "समदी लुगडी चालीत इनाल." तो हसला. ती आत गेली आणि चिपळ्या पदरात बांधून घेतल्या. त्यानं नको म्हणून सांगितलं होतं. म्हणून तर दिसू दिल्या नाहीत.

सभागृहात वर सज्ज्यात बांबूच्या चिकाच्या पडद्यामागं बायका बसल्या होत्या, त्यांच्यात गोजरबाई. तिच्या शेजारी काशम्मा नावाची एका सभासदाची आई. खाली तीस खुर्च्या, मध्ये अध्यक्ष म्हणून दिवाणसाहेब. कुंडलिक उभा राहिला. तीस माणसं उठली.

"हे..." तो म्हणाला. "हे पि... हे पि-पि..."

कुणीतरी खोकलं. कुणीतरी खोकल्यासारखं हसलं. कुंडलिकानं पुन्हा तोंड उघडलं. ओठ हलले, आवाज आला नाही. त्यानं कागदाची घडी घालायला घेतली. एक घडी. दुसरी. खिशात गेला की संपलं, हे वर गोजरबाईला माहीत होतं.

"हाडरी!" खालून नगारा वाजला. "हाडरी, पाद्रीबुवा!"

"गा म्हंत्यात," काशम्मा कुजबुजली.

हाक वकील वीरभद्रप्पांची होती. दिवाणसाहेबांनी चष्मा वर केला. "वकीलसाहेब, बारावा नियम तुमचाच आहे."

"माझाच की. पण पहिलाही माझाच हाय, अध्यक्षमहाराज. वाचा. प्रार्थना संपल्यावर सभा सुरू झाली असे मानावे. प्रार्थना संपली का? न्हाय. मग सभा कुठली? सभा न्हाय, तर नियम कुठला? आत्ता हितं तीस गृहस्थ एका खोलीत उभे हायत, एवढंच."

"आणि तुम्ही तर विरोधात होता."

"अजून हाय! पण ज्याची कैफियत ऐकली न्हाय, त्याचा निकाल लावायचा न्हाय. तीस वर्षं कोर्टात हेच बोंबलतोय."

दिवाणसाहेबांनी वही उघडली, पहिला नियम दोनदा वाचला आणि वही मिटली. "खोलीतल्या गृहस्थांची हरकत नसेल तर माझीही नाही."

गोजरबाईनं पदराची गाठ दातानं सोडली. चिकाच्या मागून चिपळ्या वाजल्या. कुंडलिकानं मान वर केली, आणि त्याच्या चेहऱ्यावर दिवाळीतली पहाट फुटली.

"मुक्याच्या ओठी ठेविसी वाणी,
तान्हेल्या ओंजळी घालिसी पाणी..."

आता, कीर्तन ऐकत वाढलेल्या माणसापुढं धृपद टाकलं, तर तो गप्प कसा बसेल? पहिल्या खेपेला दोघं पुटपुटले. दुसऱ्या खेपेला दहा. तिसऱ्या खेपेला शास्त्रीबुवांचा जावई आणि जंगमस्वामींचा शिष्य एकाच खुर्चीच्या पाठीवर हात आपटून ठेका धरत होते, आणि सगळ्यांच्या वर नगाऱ्यासारखा आवाज होता वीरभद्रप्पांचा. वर काशम्मानं गोजरबाईच्या पाठीवर थाप मारली. "बाई, तुमचा दादला लई ग्वाड गातो की!"

"घरी मिठासाठीबी असाच गातो," गोजरबाई म्हणाली, आणि रडता रडता हसली.

दोन मिनिटांची प्रार्थना पाऊण तास चालली. आमेन झालं, तेव्हा दिवाणसाहेब रुमालानं मान पुसत म्हणाले, "आता सभा सुरू झाली. पाद्रीबुवा, आता मात्र गाऊ नका."

बाहेर मोटारीपाशी वकील भेटले. कुंडलिक हात जोडून म्हणाला, "व-वकीलसाहेब..."

"आभार चालीत मानू नका, माझी मोटार जाईल," वकील म्हणाले. "आणि पुढच्या वर्षीही मत विरोधातच देणार, ध्यानात ठेवा."

दिलंही! बारा वर्षं, दरसाल नेमणुकीच्या वेळी त्यांचा हात मांडीवरच राहिला, आणि दरसाल प्रार्थनेच्या वेळी पहिलं धृपद त्यांनीच उचललं.

सोलापूरच्या त्या दोन खोल्यांत, दिवा लावल्यावर, कुंडलिक आणि गोजरबाई आपल्या माणसांची नावं घेऊन प्रार्थना करत. मंडळीतली घरं, आजारी माणसं, दूर गेलेले भाऊ. आणि सगळ्यांच्या शेवटी एक नाव, रोज, न चुकता. ते मात्र कुंडलिक गात नसे. अडखळत, थांबत, पुरा वेळ घेऊन बोलत असे. गोजरबाई वाट पाहायची, मध्ये शब्द पुरवायची नाही.

आज घरी गेलात, आपापल्या देवापुढं आपली माणसं आठवलीत, की तेवढं ते एक नाव माझ्यासाठी घ्या. सावकाश घेतलंत तरी चालेल. वीरभद्रप्पा.