अकरावं मूल

डॉनाचा सकाळी पावणेआठला फोन आला की मी समजायचे, आज एका आईला दारातून परत पाठवायचं आहे.

दोन वर्षांच्या पाच पोरांमागे एक बाई, असा नियम आहे. आमच्या नर्सरीच्या धाकट्या खोलीत अकरा पोरं, म्हणून आम्ही तिघी, मी, प्रिया आणि डॉना. एक आजारी पडली की दोघी उरतो, आणि दोघींना दहाच पोरं चालतात. अकरावं कोणतं, ते मी ठरवायचे. इंग्लंडातल्या या ग्रिम्सबीत तीस वर्षं लोकांच्या पोरांची नाकं पुसली, त्याबद्दल मिळालेला हा मान.

मी दर वेळी एफीला निवडायचे. तिची आई टेस भांडायची नाही, एवढंच कारण. ऑस्करच्या बापाने आरडाओरडा करून रस्ता गोळा केला असता. जुळ्यांच्या आईने गावच्या कौन्सिलला तीन पानी पत्र लिहिलं असतं. टेस बिचारी गरीब गाय. तेवीस वर्षांची, एकटी, गोदीजवळच्या कारखान्यात मासे पॅक करणारी. फेब्रुवारीत तिला तीनदा परत पाठवलं, तिन्ही वेळा ती नुसतं ‘बरं’ म्हणाली.

हजेरीपटात मात्र ‘माणसं कमी’ असं लिहायचं नाही, अशी आमच्या मालकीणबाईंची, फिलिपाची, ताकीद होती. तपासणीला कोणी आलं तर नर्सरीचं नाव खराब होईल. म्हणून मी लिहायचे, ‘आईने घरी ठेवले.’ अक्षर माझं छान आहे.

त्या गुरुवारी टेस पहिल्यांदा अडून बसली.

‘मॉरीन, आज नको ना. आज उशीर झाला तर मला काढतील. शेवटची ताकीद दिलीय.’

‘अगं पोरी, माझ्या हातात असतं तर...’

‘आणि काम गेलं की सरकारचे तीस तास पण जातात. मग हिची जागाही गेली. तुम्हाला माहितीय सगळं.’

मला माहीत होतं. नर्सरीचे आठवड्याला फुकटचे तीस तास फक्त कामावर जाणाऱ्या आयांना मिळतात. एफीने तोवर कोटाची वरची दोन बटणं स्वतःच काढली होती आणि आपल्या खुंटीकडे बघत होती. टेसच्या मागे ऑस्करचा बाप मोटारीची किल्ली बोटावर फिरवत उभा होता.

‘शेजारीण वगैरे आहे ना कोणी?’ मी म्हटलं.

‘बघते,’ टेस म्हणाली. तिने एफीची बटणं परत लावली आणि दोघी गेल्या. मी ऑस्करला आत घेतलं.

साडेदहाला आम्ही पोरांना टपालपेटीपर्यंत न्यायचं ठरवलं होतं. आजी-आजोबांना पाठवायची चित्रं होती. लांब दोरीला कड्या असतात, प्रत्येकाने आपली कडी धरायची. मी पुढे, प्रिया मागे, मधे दहा पोरं, जाता-येता दर कोपऱ्यावर मोजलेली. परतताना फ्रीमन गल्लीत जुळ्यांपैकी एकाने कडी सोडली आणि बोट दाखवलं.

‘एफी!’

तळमजल्याच्या खिडकीत एफी उभी होती. कोट अंगात, पाठीला नर्सरीची पिशवी. तिने आम्हाला हात केला. मीही हसून हात केला, आणि टेस दिसते का म्हणून तिच्या मागे बघितलं. मागे नुसता टीव्ही चालू होता.

दोरी प्रियाकडे देऊन मी दारातल्या पत्रं टाकायच्या फटीला तोंड लावलं.

‘एफी, आई कुठंय?’

‘मासे,’ आतून आवाज आला. मग थोड्या वेळाने, ‘मी शहाणी आहे.’

मी तिथूनच फिलिपाला फोन केला. अशा वेळी कौन्सिलला आणि पोलिसांना कळवणं आम्हाला बंधनकारक असतं, आणि ते योग्यच आहे, दोन वर्षांचं पोर कोंडलेल्या घरात एकटं. पोलीस येईपर्यंत मी त्या फटीतून तिला पावाच्या, बदकांच्या, काय वाट्टेल त्या गोष्टी सांगत बसले. फटीतून तिची बोटं बाहेर आली होती, ती मी धरून ठेवली.

दुपारी कौन्सिलची, मुलांच्या सुरक्षेचं काम बघणारी बाई नर्सरीत आली. तरुण होती, थकलेली. एफीला त्यांनी आधीच कुठेतरी नेलं होतं. टेसला कामावरून बोलावून आणलं होतं.

‘आई म्हणते, तुम्ही पोरीला दारातून परत पाठवलंत. आज आणि याआधीही. पण हजेरीपटात चारही वेळा “आईने घरी ठेवले” असं आहे. आजचंही.’

फिलिपा माझ्या खुर्चीमागे उभी होती. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. हलका, मैत्रीचाच.

‘अशा आया म्हणतात काहीही,’ ती म्हणाली. ‘घाबरलेल्या असतात हो.’

खरं सांगायला मला एक वाक्य लागलं असतं. माझ्या निवृत्तीला चौदा महिने उरले होते. तेही मनात आलं, लपवत नाही.

‘हे अक्षर तुमचंच ना?’ बाईने विचारलं.

‘माझंच.’

‘आणि लिहिलंय ते खरं?’

‘हो,’ मी म्हटलं.

तिने ते लिहून घेतलं आणि खाली मला सही करायला लावली.

शुक्रवारी डॉना बरी होऊन आली. खोलीत पोरं दहाच होती, आणि आम्ही तिघी.