एकाच बरणीचे तीन कप

लबाडी करायचीच तर ती नीटनेटकी करावी, असं सासूबाईंचं मत होतं. म्हणून त्यांनी स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं, ओट्यावर तीन पांढरे कप ओळीने मांडले आणि तिन्हींत एकाच बरणीतली कॉफी घातली. दुसऱ्या बरणीतली कॉफी खरं तर एका कपात पडायला हवी होती. ती बरणी पिठाच्या डब्यामागे लपून बसली.

"आई, हे काही बरं नाही," मुलगा पुटपुटला. तो शाळेत चित्रकला शिकवायचा आणि खोटं बोलायची वेळ आली की कानापर्यंत लाल व्हायचा.

"मला बरं-वाईट शिकवू नकोस. ट्रे धर. तिला कुठल्याही कपावर बोट ठेवू दे, आपण 'बरोबर' म्हणायचं. एवढं जमेल ना?"

बाहेरच्या खोलीत सून टेबलाशी चमचा घेऊन बसली होती. कॉफी भाजण्याच्या कारखान्यात चव बघायची तिची नोकरी. चमचाभर कॉफी ती सुर्रकन ओढायची, तोंडात घोळवायची, थुंकायची आणि सांगायची, हा माल चालेल, हा परत पाठवा. तिच्या एका शब्दावर पोती हलायची. लग्नानंतर पहिल्याच सुट्टीच्या दिवशी तिने घरी कप मांडून हा उद्योग सुरू केला, तेव्हा पक्क्या चहावाल्या सासूबाईंनी कपाळावर हात मारला होता. "सून आणली की पंप आणला रे?" असं त्यांनी मुलाला तिच्यादेखत विचारलं होतं, आणि सगळ्यात जास्त सूनच हसली होती.

मग आला तो मेला ताप. ताप गेला, पण जाताना तिचा वास घेऊन गेला. लसूण कळेना, साबण कळेना, कॉफी म्हणजे नुसतं गरम कडू पाणी. येईल हळूहळू, असं डॉक्टर म्हणाले. कधी, ते काही सांगेनात. कारखान्याने रजा दिली, पण रजा आज संपत होती. उद्या साहेब तिच्यासमोर तीन कप ठेवणार होते, दोन सारखे आणि एक वेगळा. वेगळा ओळखला तर तिची जागा तिची, नाहीतर पाकिटं भरायच्या विभागात बदली. म्हणून तिनेच दोन बरण्या सासूबाईंच्या हातात दिल्या होत्या. "आई, तुम्ही भरा कप. माझी परीक्षा घ्या."

आता परीक्षा घ्यायला सांगावं कोणाला, याचं काही भान? सासूबाईंना या पोरीचं नापास होणं बघवणार नव्हतं. त्याला कारण होतं. सासरे गेले त्या दिवसांत सासूबाई घरात एकट्या असत, आणि जेवलात का विचारलं की "जेवले हो," असं ठोकून देत. मुलाचा विश्वास बसायचा. सून मात्र कामावरून आली की उंबऱ्यातच थांबून हवा हुंगायची. "आई, आज गॅस पेटलेलाच नाही." मग चप्पल काढायच्या आधी पातेलं चढवायची आणि समोर बसून त्यांना घास घास खायला लावायची. आपण त्या वर्षी जगलो ते या मुलीच्या नाकामुळे, हे सासूबाईंना पक्कं ठाऊक होतं. आणि आता तीच मुलगी लाकूड चावावं तसं जेवायची आणि "छान झालंय," म्हणायची. खोटं साफ कळायचं.

तेव्हा जरा धीर आला की नाकही येईल मागोमाग, असं वैद्यकशास्त्र सासूबाईंनी स्वतःपुरतं तयार केलं होतं.

पहिल्या खेपेला सुनेने तिन्ही कपांवर वाकून वास घेतला, सुरका मारला आणि डावीकडच्या कपावर बोट ठेवलं. "बरोबर!" सासूबाई ओरडल्या.

दुसऱ्या खेपेला मधला. "बरोबर! बघ, मी सांगत नव्हते?"

"पण मी तर अंदाजाने बोट ठेवलं," सून म्हणाली. तरी तिच्या चेहऱ्यावर जरा तजेला आला. "अजून एकदा. कारखान्यातही तीनदा करतात."

सासूबाई पुन्हा आत गेल्या. किटलीतलं पाणी शेवटच्या कपाला पुरेना. हाताशी आलं त्या पातेल्यात त्यांनी घोटभर पाणी उकळलं, कप भरला आणि ट्रे मुलाच्या हातात दिला.

या वेळी सुनेने फार वेळ घेतला. एकदा चव घेतली, पुन्हा घेतली. शेवटच्या कपाशी परत परत गेली. मग चमचा खाली ठेवला आणि तिचा चेहराच पडला.

"नाही आई. संपलं. मला तिन्ही एकच लागतायत. वर हा शेवटचा, याला चक्क करपलेल्या दुधाचा वास येतोय. कॉफीत दूध कुठून येणार? भलतेच भास व्हायला लागलेत मला." तिने डोळे पुसले. "उद्या जाऊन स्वतःच सांगते, मला पाकिटांवर टाका. चुकीचा माल पास करण्यापेक्षा ते बरं."

सासूबाईंना ते पातेलं आठवलं. सकाळी पातेल्यात दूध लागलं होतं. त्यांनी घासघासून काढलं होतं. त्यांच्या स्वतःच्या नाकाला तर काहीच कळलं नव्हतं.

आता गप्प बसलं तर पोर हातची नोकरी सोडणार होती, आणि बोललं तर आपली अब्रू जाणार होती. सासूबाईंनी पळभरही विचार केला नाही.

"अगं, भास नाही! तिन्ही कप एकाच बरणीचे आहेत. तिन्ही खेपांना एकच कॉफी घातली मी, तू चुकू नयेस म्हणून. आणि ते पाणी दुधाच्या पातेल्यातलं. करपवलं मीच सकाळी!"

सून खुर्चीतून उठली. "म्हणजे मघाचं ते बरोबर, बरोबर..."

"साफ खोटं."

"आई! आणि उद्या साहेबांसमोर तोंडावर आपटले असते म्हणजे?"

"आपटली असतीस गं," सासूबाई म्हणाल्या. "अक्कल गहाण ठेवली होती मी. बोल मला काय बोलायचं ते."

पण बोलायला सुनेला सवड कुठे होती? ती आत गेली, ते पातेलं उचललं आणि नाकाशी धरून उभी राहिली. मग ओंडक्यासारखं ताठ झालेलं तिचं सगळं अंग हलायला लागलं. हसतेय की रडतेय, कळायला मार्ग नव्हता. "आहे," ती म्हणाली. "आहे हो आई. अगदी बारीक आहे, पण आहे."

मग दुसरी बरणी पिठामागून बाहेर आली आणि खरी खेप झाली. कप मुलाने भरले, सासूबाईंना ओट्यापाशी फिरकायची मनाई होती. सुनेने उजवीकडच्या कपावर बोट ठेवलं आणि या वेळी ते उचललं नाही. मुलाने तोंड उघडलं, पण त्याला शब्दच फुटेना.

"अरे ठोंब्या, बोल की!"

त्याने नुसती मान हलवली. बरोबर होतं.

सासूबाई खुर्चीत बसल्या. उद्या काय होईल ते होवो, पण या घटकेला कोणाचे आणि किती उपकार मानू, असं त्यांना झालं होतं. सून त्यांच्याशेजारी येऊन बसली.

"आई, मला भूक लागलीय."

तापानंतर हे वाक्य या घरात कोणी ऐकलं नव्हतं. सासूबाई धडपडत उठल्या. "काय करू? बोल, काय करू तुला?"

"काहीही करा," सून त्यांच्यामागोमाग स्वयंपाकघरात येऊन स्टूल ओढत म्हणाली. "मी इथेच बसते, गॅसजवळ."