किल्ल्याच्या भिंतीतला आवाज

रविवारी मुंबईच्या कोटातल्या कचेऱ्या ओस पडत. पण टाऊन हॉलच्या मागे, जुन्या किल्ल्याच्या उरल्यासुरल्या भिंतीपाशी पाय ठेवायला जागा नव्हती. भिंत बोलते, अशी आवई गिरणगावात उठली होती. फ्लोरा फाउंटनच्या गोळीबारात गेलेली पोरं म्हणे तिच्यातून आयांना हाका मारत होती!

"आत्मे घरी जात नाहीत, बाबांनो, किल्ल्यात आसरा घेतात!" पुढ्यातल्या दक्षिणेच्या थाळीवर धुपाटणं फिरवत चिंतामणी महाराज गर्जले. "दगड ऐकतो, दगड सांगतो! बहिरा असतो तो फक्त संशयी माणूस!"

सुमती म्युनिसिपालटीच्या शाळेत शिकवायची. आईच्या, आनंदीबाईंच्या, हट्टापायी लालबागहून ती त्यांना धरून घेऊन आली होती. 'माझी सुटका होईपर्यंत अन्न घेऊ नकोस,' असं भिंतीनं मागच्या रविवारी, गोळीबारात गेलेल्या त्यांच्या मुलाच्या, शिवाच्या नावानं सांगितल्यापासून आनंदीबाई नुसत्या चहापाण्यावर होत्या. चालताना त्यांचा झोक जात होता.

"आये, घरी चल. शिवा गेला गं."

"गेलो कसो? माझो शिवा बोलता हय!"

दिवेलागण झाली. भिंतीत मनगटाएवढं भोक होतं. त्यातून खोल, विहिरीतल्यासारखा आवाज आला, "आई गं… मी शिवा… अजून थोडे दिवस उपास कर… मग मी सुटेन…"

सुमतीच्या अंगावर काटा आला. शिवा 'आये' म्हणायचा, 'आई' नव्हे, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी तिची पावलं भिंतीकडे ओढली गेली. क्षणभर तिला स्वतःचीच भीती वाटली. मग शेजारी थरथरणारी आई दिसली आणि ती भानावर आली.

"शिवा," तिनं मोठ्यानं विचारलं, "आपली धाकटी कुसुम तापानं फणफणलीय रे. तिला काय सांगू?"

"कुसुमला सांग… दादा जवळच आहे…"

आनंदीबाईंनी मान वर केली. त्यांना मुलं दोनच, सुमती आणि शिवा.

"कुसुम? ती कोण गो?"

"आत्म्याची परीक्षा घेतेस?" महाराज कडाडले आणि त्यांनी सुमतीच्या हातावर अंगारा ठेवला. "लाव कपाळाला! पाप धू!"

सुमतीनं तळहात भोकापाशी नेला आणि जिवाच्या आकांतानं फुंकर मारली.

भिंत शिंकली. एकदा, दोनदा, मग शिंकतच राहिली.

"भुताक पडसा झाला!" गर्दीतून कोणीतरी ओरडलं. गिरणीतले दोघं-तिघं वळसा घालून मागच्या बंद वखारीत घुसले. पावसाचं पाणी जायचा जुना लोखंडी नळ तिथून भिंतीत शिरत होता. नळाला पत्र्याचं नरसाळं लावून महाराजांचा चेला बसला होता. त्याचं तोंड राखेनं पांढरं झालं होतं. हाच चेला आधी गर्दीत मिसळून रडणाऱ्या बायांकडून पोरांची नावं काढून घ्यायचा. महाराज निसटू पाहत होते. लोकांनी त्यांना चेल्यासकट पोलिसांच्या हवाली केलं.

आनंदीबाई मात्र भोकाला कान लावून उभ्या होत्या. आत नुसता वारा घुमत होता.

"मगे माझो शिवा खय गो?"

 सुमतीनं आईला पोटाशी धरलं.

पुढच्या रविवारी परळची एक बाई पोराचा फोटो घेऊन त्या भिंतीशी आली. तिला अडवलं ते आनंदीबाईंनी. त्या मुद्दाम तिथं येऊन बसल्या होत्या.

"हय कोण बोलणा नाय, बाय. मेलेलो बोलणा नाय. त्येच्या नावान कोण तुका उपाशी ठेवीत, तर आधी भिंतीच्या मागे जावन बघ. चल, पोराबद्दल माका सांग. मी आयकतंय."