अर्धे बाबा

ताईच्या वाढदिवसाला लेकीने आणलेला स्पीकर मुठीत मावेल एवढा होता. "दिसतो एवढासा, पण घर दणाणून सोडतो बघ," लेक म्हणाली. ताईने लगेच आपली जुनी टेप त्याला जोडायला लावली. आईची गुणगुण अगदी स्वच्छ आली. मग यायला हवी होती बाबांची पावलं. त्यांच्या जागी सपाता घासल्यासारखं काहीतरी खसखसलं आणि संपलं.

"यात तुझ्या आजोबांना पायच नाहीत गं," ताई म्हणाली.

लेकीला हसू आलं. ताईला नाही आलं.

बाबा फर्निचर करायचे. लोकांच्या घरची कपाटं करता करता एकदा त्यांनी स्वतःसाठी लाकडाची दोन छातीएवढी खोकी केली आणि प्रत्येकात ताटाएवढा कागदी पडद्याचा स्पीकर बसवला. "खोल आवाजाला हवा ढकलावी लागते, आणि हवा ढकलायला अंग लागतं," असं ते येईल त्या पाहुण्याला सांगायचे, पाहुण्याने विचारलेलं असो वा नसो. ती खोकी तपासायला म्हणून एका दुपारी त्यांनी खोलीच्या दोन बाजूंना दोन माइक ठेवले, रेकॉर्डर चालू केला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले. आई बटणं शिवत गुणगुणत होती. दोन्ही पोरं मध्येच चटईवर झोपली होती. टेपमध्ये एवढंच होतं. आईबाबा गेल्यावर मात्र तेच सगळं झालं.

घराची वाटणी झाली तेव्हा ताई आणि तिचा धाकटा भाऊ यांच्यात धड बोलणं नव्हतं, म्हणून आत्या मध्ये पडली. कपाटं दोन, एकेक. दिवे दोन, एकेक. खोकी दोन, एकेक! कानातली असती तर आत्याने जीव गेला तरी जोडी फोडली नसती, पण खोक्यांत तिला काय वावगं दिसणार? ज्यांना दिसत होतं ते दोघं मूग गिळून बसले. आधी त्याने बोलावं, आधी तिने बोलावं, असं करत टेम्पो भरून गेले.

टेपची एकेक प्रत दोघांकडे होतीच. डावं खोकं ताईकडे आलं. तिच्या घरात बाबा जोरात निघायचे आणि चार पावलांत विरून जायचे. उजवं भावाकडे गेलं. "माझ्याकडे पोचतात गं, पण कुठून येतात कळत नाही," असं तो एकदा फोनवर बोलून गेला होता. तेव्हापासून ताईच्या मनाने घेतलं होतं की एकदा, एकदाच, बाबांना अख्खी खोली चालताना ऐकायचं. पण मागायचं कसं? त्या लहानग्या स्पीकरने तिचा धीर सुटला आणि तिने फोन लावला.

"ठेंग्या, तुझं खोकं एक दिवस आणशील?"

ठेंग्या आता सहा फुटांचा होता. "त्यावर कुंडी आहे माझी."

"मग कुंडीला विचारून आण."

रविवारी तो कमरेच्या नावाने बोटं मोडत खोकं घेऊन आला. दोघांनी खोकी भिंतीला टेकवून कोपऱ्यांत उभी केली. टेप लावली तर सगळं घुमायलाच लागलं, जणू आई रांजणात बसून गुणगुणत होती.

"बाबा काय म्हणायचे?" ठेंग्याने डोकं खाजवलं. "याचं भोक मागे आहे. त्याला श्वास घ्यायला जागा द्या."

मग खोकी हातभर पुढे ओढली. सोफा बाहेर काढला. दोघं बरोबर मध्ये, खोक्यांच्या दिशेने पाय पसरून जमिनीवर बसले. ताईने पुन्हा टेप लावली.

आधी आई आली. ती या खोक्यातही नव्हती, त्याही नव्हती. दोन्हींच्या मधल्या मोकळ्या भिंतीपाशी ती बसली होती. मग डावीकडे खटका वाजला आणि पहिलं पाऊल पडलं. ताईला ते फरशीतून मांडीला जाणवलं. तिने डोळे मिटून घेतले. इथून पुढे ते नेहमी विरायचे. आज विरले नाहीत. जड, सावकाश, पुढेच येत राहिले.

"हळू हो, पोरं झोपलीत," आई म्हणाली.

हे वाक्य दोघांना तोंडपाठ होतं. त्यानंतरचं असं मधोमध बसून कधी ऐकलं नव्हतं. पावलं मधोमध येऊन थांबली. एक लांब टांग पडली. मग दुसरा पाय, अगदी जपून. पुढे उजवीकडे जाऊन बाबांनी खुर्ची ओढली.

ताईने डोळे उघडले. ठेंग्याने आपले लांबलचक पाय पोटाशी घेतले होते. तिनेही घेतले होते.

"आपल्याला ओलांडून गेले," तो म्हणाला. त्याचा आवाज फुटला, आणि मग ताईनेही रडू आवरलं नाही.

बऱ्याच वेळाने तिने नाक पुसलं. "टेम्पोवाला संध्याकाळी येतोय ना?"

"नको म्हणून सांगतो त्याला."

"आणि कुंडी कशावर ठेवशील?"

"जमिनीवर," ठेंग्या म्हणाला. "तू टेप मागे घे."