फड्या काय चालत आला?

मित्रांनो, मी एक निवडुंग आहे. वयानं जुना नाही, पण अनुभवानं चांगलाच जून झालो आहे. नाशिकला दिंडोरी रोडवर एक इमारत आहे, तिच्या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत, रंगाच्या रिकाम्या डब्यात माझा मुक्काम असतो. माझ्या जाड, चपट्या पानांना फडे म्हणतात, म्हणून मी फड्या निवडुंग. माझ्या अंगावर दोन तऱ्हेचे काटे आहेत. लांब काटे सगळ्यांना दिसतात. बारीक कुसळं दिसत नाहीत, आणि माणसाला छळतात ती तीच.

आधीच सांगून टाकतो, माझा स्वभाव संशयी आहे. कोणी गोड हसत जवळ आलं, की मी मनात म्हणतो, याला माझ्याकडून काय हवंय? बकरी येते ती खायला आणि माणूस येतो तो कापायला. असल्या जगात डोळे मिटून विश्वास ठेवणाऱ्याचं काय होतं, ते कोथिंबिरीला विचारा.

माझा जन्म दिंडोरीजवळच्या एका बांधावर झाला. बांधाच्या एका अंगाला गोटीरामनानांची द्राक्षबाग आणि दुसऱ्या अंगाला त्यांचा धाकटा भाऊ केरू याची टोमॅटोची वाडी. शेताची वाटणी झाली तेव्हा त्यांच्या वडिलांनी हद्दीवर निवडुंगाची ओळ लावली होती. त्याच ओळीत, अगदी शेंड्यावर, मी फुटलो. वरून मला सगळं दिसायचं. फवारणीचे ट्रॅक्टर, टोमॅटोच्या काठ्या, दोघा भावांची सामाईक विहीर. फक्त आपला बुंधा कुठं आहे, तेवढं दिसायचं नाही.

एका वर्षी नानांच्या लक्षात आलं, की बागेच्या टोकाला ट्रॅक्टर वळवताना आमचे काटे चाकाला लागतात. पूर्वी तिथून ट्रॅक्टर आरामात वळायचा. नानांच्या मनात पाल चुकचुकली. त्यांनी सरकारी मोजणी मागवली. मोजणीवाल्यांनी खुणा रोवल्या, तर काय? आमची अख्खी ओळ हद्द सोडून नानांच्या जमिनीत चांगली दोन हात आत उभी!

केरू शेजारीच उभा होता. नानांनी त्याच्याकडं वळून विचारलं, "केरू, कधी सरकवलास रे?"

"दादा, आईच्यान सांगतो, मी हात नाय लावला."

"तू नाय लावला, मी नाय लावला. मग फड्या काय चालत आला?"

केरूचं तोंड उतरलं. "म्हंजी मी चोर?"

"मी नाय म्हनत. मोजणी म्हनती."

झालं. त्या दिवसापासून दोघा भावांचं बोलणं तुटलं. विहिरीवर एक आला, की दुसरा पाठ फिरवून निघून जायचा म्हणे. नाना चारचौघांत सांगू लागले, "पुढच्या वर्षी माल उतरला की जेसीबी आनतो. हा फड्या मुळासकट उपटतो अन् खुनेवर तारेचं कंपाऊंड घालतो. केरूचं अन् माझं नातं तितंच संपलं." म्हणजे माझी आई, माझ्या मावश्या, सगळ्या जेसीबीच्या तोंडी जाणार होत्या. खरं सांगू? मलाही केरूचाच संशय यायचा. आम्ही काय पाय असलेली जात थोडीच आहोत!

नानांचं सगळं घर नाशिकला राहायचं; मोजणीच्या त्याच दिवशी त्यांची सून शुभांगी तिथून सगळ्यांचा डबा घेऊन शेतावर आली होती. तिनं जाता जाता विळा घेतला, कागदात धरून मला सांध्यातून अलगद कापलं आणि पिशवीत घातलं. नाना पाहत होते.

"त्या बांधाचं काटं घरात कशाला?"

"नाना, गॅलरीत कबुतरांनी उच्छाद मांडलाय हो. एक वाळवण ठेवता येत नाही. हा असला तर यायची नाहीत."

"ऱ्हाऊ दे मग," नाना म्हणाले. "भावानं काय केलं त्याची याद ऱ्हाईल."

असा मी चोरीची आठवण म्हणून शहरात आलो.

घरी आल्यावर मला वाटलं, आता ही मला मातीत लावील. समोर डब्यात माती, वाळू आणि विटांचा बारीक चुरा कालवून तयार होता. पण शुभांगीनं मला सावलीत, वॉशिंग मशीनवर, एका जुन्या पेपरवर आडवं केलं आणि निघून गेली. मातीही नाही आणि पाण्याचा थेंबही नाही. दिवसामागून दिवस गेले, तरी तेच. मी ओळखलं, ही बाई मला तडफडवून मारणार.

नानांनाही ते पाहवलं नाही. "अगं, काडी लगेच वल्या मातीत लावायची असती. द्राक्षाची काडी आमी अशी वाळू देतो का?"

"ही द्राक्षाची काडी नाही, नाना. आमच्याकडं सटाण्याला कांदा काढला की आधी त्याची मान सुकू देतात, मग कांदाचाळीत भरतात. ओला भरला तर सगळी चाळ सडते. याचाही काप तसाच सुकू द्या."

कांद्याचा न्याय मला! माझा संशय पक्का झाला. पुढं माझ्या कापावर कोरडी, टणक साल धरली, तेव्हा तिनं मला डब्यात उभं केलं, जेमतेम पडणार नाही इतकंच खोल. आणि पाणी? पाणी नाहीच! "मुळं फुटायच्या आधी याला पाणी कशाला?" असं तीच सासूला, भागुबाईंना, सांगत होती.

त्या घरात मला एकच सज्जन भेटला, तो म्हणजे नाना. तोंडानं मला शिव्या देणारा हा माणूस रोज सकाळी पाण्याचा पेला घेऊन गॅलरीत यायचा, इकडंतिकडं पाहायचा आणि उरलेलं पाणी गपचूप माझ्या बुडाशी ओतायचा. जन्म बागेत गेलेला शेतकरी तो, त्याला हिरवं काही तहानलेलं बघवत नव्हतं. मी म्हटलं, चला, कोणीतरी आपलं आहे.

हळूहळू माझं बूड मऊ पडलं, पिवळं झालं आणि त्याला वास यायला लागला. शुभांगीनं मला उपटून पाहिलं आणि ती कडाडली, "पाणी कोण घालतंय याला?"

कोणीच कबूल होईना. शुभांगीला सासूचा संशय, सासूला मुलाचा, म्हणजे भारतचा, आणि भारतला आपल्या बायकोचाच. नाना पेपरात डोकं घालून बसले. पेलाभर पाण्यावरून त्या दिवशी घरात कोणी कोणाशी धड बोललं नाही. मी मात्र हबकलो होतो. जिला वैरीण समजलो ती मला वाचवत होती आणि ज्याला देव मानलं त्यानं मला सडवलं होतं, तेही मायेपोटी! तेव्हापासून माझा माझ्या संशयावरही विश्वास राहिला नाही.

शुभांगीनं सडका भाग स्वच्छ गर लागेपर्यंत कापून टाकला. पुन्हा तो पेपर, पुन्हा ती सावली, पुन्हा कोरडी माती. या खेपेला मी निमूट पडून राहिलो. काही आठवड्यांनी तिनं मला हलकेच ओढून पाहिलं, तर मी हललो नाही. मला मुळं फुटली होती. मग पहिल्यांदा तिनं पाणी घातलं. त्या पाण्याची चव मी कधी विसरणार नाही.

त्यानंतर मी असा फोफावलो, की बघत राहावं. माझ्या कडांवर तांबूस कोंब आले, त्यांचे फडे झाले, फड्यांवर फडे चढले. कबुतरं लांबूनच मान वाकडी करून बघायची आणि परत जायची. येणारेजाणारे कौतुक करायचे, आणि नाना नाक मुरडायचे.

एके सकाळी भागुबाई गॅलरीत गोधडी झटकत होत्या. गोधडीचा फटका मला बसला आणि माझा एक फडा तुटून खाली पडला. गॅलरीच्या फरशीला पाणी जायच्या भोकाकडं उतार आहे. त्या उतारावरून घरंगळत तो कोपऱ्यात, द्राक्षाच्या रिकाम्या क्रेटांमागं गेला. तिथं कुंड्यांची वाहून आलेली माती साठलेली होती. भागुबाईंना काही कळलं नाही. मी समजलो, एक लेकरू गेलं.

पुढं माल उतरला. नानांनी जेसीबीवाल्याला फोन लावला. "परवा ये. बांध साफ करायचाय." माझ्या आईचे दोन दिवस उरले होते, आणि मी तिसऱ्या मजल्यावर काय करणार?

उपटलेले फडे भरायला शेतावर न्यावेत म्हणून नाना ते रिकामे क्रेट उचलायला आले. मागं हात घातला आणि ओरडले, "आई गं!"

अंगठ्यात कुसळं शिरली होती. त्यांनी वाकून पाहिलं. क्रेटांमागं चिमूटभर मातीत माझा फडा ताठ उभा होता. नुसता उभा नव्हता, त्याच्या डोक्यावर नवा कोंब होता.

"शुभांगी! हे हितं तू लावलंस?"

"मी नाही, नाना. मला माहीतसुद्धा नाही."

"भागू, तू?"

"मी कशाला काट्याचं झाड लावू? अन् माझे गुडघे वाकतात का तितं?"

"भारत?"

"मी तर गॅलरीत येतच नाही, नाना."

नानांचा पारा चढला. "समदे खोटं बोलता. तू नाय, ती नाय, तो नाय. मग फड्या काय चालत..."



त्यांनी डब्यातल्या माझ्याकडं पाहिलं, मग कोपऱ्यातल्या फड्याकडं, मग मधल्या फरशीच्या उताराकडं. ते तिथंच उकिडवे बसले. फड्याला धरून हळूच ओढलं. तो निघेना.

"अहो, काय झालं?" भागुबाईंनी घाबरून विचारलं.

"भागू, आपला बांध केरूच्या अंगानं उंच हाय ना गं?"

"हाय की. समदं पानी आपल्याकडंच तर येतं."

मित्रांनो, पडलेला फडा जागच्या जागी रुजतो, हे शेतकऱ्याच्या पोराला कोणी शिकवावं लागत नाही. नानांनाही ते ठाऊक होतं. पण माणूस रागावला, की ठाऊक असलेलंच आधी विसरतो. मी तर स्वतः फड्या, आणि मलाही ते सुचलं नव्हतं.

त्यांनी जेसीबीवाल्याला "येऊ नको" म्हणून कळवलं. मग भारतला पिकअप काढायला लावून माझा डबा आणि त्या लेकराला मातीसकट एका क्रेटात ठेवलं. आम्ही बांधावर पोचलो तेव्हा केरू विहिरीपाशी होता. क्रेट पाहून तो जागेवरच थांबला.

"आता ह्ये काय आनलंय? कोर्टात दाखवायला?"

"हिकडं ये. बुंध्याशी बघ," नाना म्हणाले आणि काठीनं गवत बाजूला सारू लागले.

केरू संशयानंच जवळ आला. त्याच्या अंगाला जुने, वाळून पोकळ झालेले खुंट होते, एकही जागचा हललेला नव्हता. त्यांच्या खाली थोडे तरणे बुंधे. त्यांच्याही खाली, नानांच्या अंगाला, हिरवीगार नवी ओळ. दोघे भाऊ वाकून कितीतरी वेळ पाहत होते.

"वारा तुझ्याकडनं येतो, पानी तुझ्याकडनं येतं," नाना म्हणाले. "फडा पडला की माझ्याकडं रुजतो, अन् जुना तुझ्याकडं वाळतो. केरू, त्यो चालतच आलाय रे."

"म्हंजी कुंपनानंच शेत खाल्लं म्हना की," केरू म्हणाला. हसायला गेला, पण त्याला हसू आलं नाही. "दादा, वरीसभर मी गावात चोर म्हनून फिरलो. मान वर करून चाललो नाय."

काहीतरी करायचं म्हणून नानांनी माझा डबा उचलायला हात घातला आणि कळवळून मागं घेतला. अंगठा टरटरून सुजला होता.

केरूनं ते पाहिलं. तो पुढं आला. मग म्हणाला, "आन हात हिकडं."

"ऱ्हाऊ दे."

"आन म्हनलं ना. लहानपनी मी फड्याची लाल बोंडं खायचो, तवा माझ्या हातातली कुसळं कोन काढायचं?"

बांधावर बसून, डोळे बारीक करून, केरू नखानं एकेक कुसळ उपटू लागला. शेवटचं कुसळ निघालं, तरी नानांनी हात मागं घेतला नाही, आणि केरूनंही तो सोडला नाही.

माझी आई वाचली. खुणांवर दोघांनी मिळून दगड रोवले, कारण फड्याचा भरवसा नाही, तो परत चालेल. आता दर वर्षी माल उतरला, की दोघे भाऊ एकाच दिवशी बांधावर येतात, पडलेले फडे वेचतात आणि तिथंच बसून भाकरी खातात. माझं लेकरू केरूनं मागून घेतलं आणि विहिरीपाशी लावलं. मी पुन्हा गॅलरीत आलो.

तेव्हा मित्रांनो, तुम्ही घरी निवडुंग लावलात, तर त्याचा काप आधी सुकू द्या. पाण्याची घाई करू नका. पडलेला फडा दिसला, तर उचलून ठेवा. आणि कोणाकडं बोट दाखवायची वेळ आली, तर आधी खाली वाकून बुंधा पाहून घ्या.

माझा स्वभाव काही बदललेला नाही. नाना अजूनही रोज सकाळी पाण्याचा पेला घेऊन गॅलरीत येतात, इकडंतिकडं पाहतात, माझ्यासमोर उभे राहतात आणि उसासा टाकून ते पाणी स्वतःच पिऊन टाकतात. पेला पूर्ण रिकामा होईपर्यंत मी त्यांच्यावरची नजर काढत नाही.