पहिलं पान फाडलेली वही

मित्रांनो, माझं पुठ्ठ्याचं झाकण उघडलंत तर तुम्हाला सरळ दुसरं पान दिसेल. पहिल्या पानाच्या जागी शिवणीचा दोरा आहे आणि कागदाची फाटकी कड. मी संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यातल्या एका लहानशा वाचनालयाची जुनी वही. वाचनालयात पुस्तकांना मान असतो, वह्यांना नसतो. मला मात्र एके काळी होता. तो कसा मिळाला आणि कसा गेला, ते सांगते.

शहागंजातल्या सांडू बाइंडरनं मला घडवलं. वाचनालयाच्या जुन्या रजिस्टरांत राहिलेली कोरी पानं त्यानं उसवली, घड्या घालून त्यांचे जुज, म्हणजे एकात एक बसवलेल्या जोडपानांचे गठ्ठे केले, दोऱ्यानं शिवले, खळ लावली आणि वर लाल कापडाचा कणा चढवला. मला कालिंदीबाईंच्या हातात देताना तो म्हणाला, "बाई, शिवण पक्की हाय. पर जुजातलं एक पान वढलं की त्याच्या जोडीचं बी निखळतं. तेवढं संभाळा."

कालिंदीबाई त्या वाचनालयाच्या ग्रंथपाल. बारीक चणीच्या, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेल्या. त्यांनी मला एका मुलासाठी बनवून घेतलं होतं. त्याचं नाव विश्वजीत. पिशोरहून आठवीला तो शहरात आला होता आणि सिडकोत आत्याकडे राहत होता. सुट्टीत इतर मुलं खेळायची, हा खिडकीजवळच्या बाकावर बसून जे हाताला लागेल ते वाचायचा. एकदा बाईंनी त्याला विचारलं, "काय रे, कळतंय का?"

"थोडं थोडं कळतं," तो म्हणाला. "पण पुढं काय वाचावं, ते कुणी सांगतच नाय."

"मी सांगेन," बाई म्हणाल्या.

त्या दिवशी त्यांनी माझ्या पहिल्या पानावर लिहिलं, 'चि. विश्वजीत यास. वाचताना घाई करू नकोस. – कालिंदीबाई.' तेव्हापासून प्रत्येक कादंबरी देताना त्या माझ्यात चार ओळी लिहीत. खाली जागा सोडत. पुस्तक वाचून झालं की तो तिथं उत्तर लिहायचा.

पहिली कादंबरी मामाकडे शिकायला राहिलेल्या एका मुलाची होती. बाईंनी लिहिलं, 'याला मामाकडे करमत नाही, पण पत्रात तो आईला सगळं छान आहे असंच कळवतो. पहिली चाळीस पानं संथ आहेत. तेवढी माझ्याखातर सोस.' आठ दिवसांनी खाली गोल गोल अक्षरात उत्तर आलं, 'बाई, मी पण घरी सगळं छानच सांगतो.' ते वाचून बाईंनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं.

मग पुस्तकं वाढत गेली. परदेशातल्या एका घराण्याच्या चार पिढ्यांची नऊशे पानांची अनुवादित कादंबरी देताना बाईंनी माझ्यात वंशावळच काढून दिली, कारण 'नावांनी तू गडबडशील.' एका अभिजात कादंबरीपुढं त्यांनी लिहिलं, 'ही अजून नाही. अठरा पूर्ण झाल्यावर माग.' खाली दर वाढदिवसाला त्याची एक ओळ असे. 'आता पंधरा झाली.' 'आता सोळा.' अठराव्या वर्षी त्यानं ती वाचली आणि लिहिलं, 'बाई, तुमचं बरोबर होतं.'

मित्रांनो, ती माझी भरभराटीची वर्षं. दुसरे वाचक मला मागून मागून चाळत आणि बाई म्हणत, "बघा, पण नेऊ नका."

विश्वजीत पुण्याला निघाला तेव्हा सदतिसावी नोंद नुकतीच झाली होती. नदीपलीकडच्या गावी शिकायला गेलेल्या मुलीची ती कादंबरी. बाईंनी लिहिलं होतं, 'शेवटी ती नावेतून उतरून घरी येते. आई दार उघडते आणि काहीच विचारत नाही. तिथं मी रडले.' खालची जागा कोरी होती. पुस्तक त्यानं नेलंच नाही. त्यानं मला मागितलं.

"बाई, आठवण म्हणून नेतो. परत आणून देईन."

बाईंनी आजवर कुणाला नेऊ दिलं नव्हतं. त्याला दिलं.

पुण्यात पहिली दोन वर्षं मी ट्रंकेत होते. मग एके दिवशी त्यानं मला बाहेर काढलं, समोर मोबाइल उभा केला आणि माझ्यातलं वाचून बोलू लागला. कुणी काय वाचावं, कोणत्या वयात वाचावं, कोणती पानं सोसावीत. शब्द बाईंचे होते. मला आनंद झाला. वाटलं, आता हा नाव सांगेल. त्यानं नाव सांगितलं नाही. पुढच्या वेळी सांगेल, असं मी शंभर वेळा म्हटलं असेल.

बघणारे हजारांवर गेले. लोक म्हणू लागले, ही वही दाखवा ना. ज्या दिवशी तो मला दाखवणार होता, त्या दिवशी सकाळी त्यानं माझं पहिलं पान धरलं आणि ओढलं. सांडू बाइंडर खोटं बोलला नव्हता. जोडीचं पानही निखळून टेबलाखाली पडलं. त्यावर त्याचंच आठवीतलं गोल अक्षर होतं. 'बाई, हे पुस्तक परत द्यावं वाटंना.' दुसऱ्या दिवशी ते केरात गेलं. बाईंचं नाव पुसण्यासाठी त्यानं स्वतःचंही लहानपण केरात घातलं, आणि त्याला ते कळलंसुद्धा नाही.

गेल्या वर्षी संभाजीनगरातल्या एका सभागृहात त्याचा कार्यक्रम ठरला. मी त्याच्या हातात होते. तिसऱ्या रांगेत कालिंदीबाई बसल्या होत्या. केस पांढरे झालेले, अंगावर ठेवणीतली साडी. त्याच्या प्रत्येक वाक्याला त्यांचे ओठ किंचित हलत होते. तोंडपाठच होती त्यांना ती वाक्यं.

कुणीतरी विचारलं, "सर, तुम्हाला वाचायला कुणी शिकवलं?"

"कुणी नाही," विश्वजीत म्हणाला. "माझी वाट मीच शोधली."

बाईंचे ओठ थांबले.

मग त्यानं मला उघडून सदतिसावी नोंद वाचली. "शेवटी ती नावेतून उतरून घरी येते. आई दार उघडते आणि काहीच विचारत नाही. तिथं मी रडलो." 'रडले'ला एक काना जोडून त्यानं 'रडलो' केलं होतं. बाईंच्या ओळींत त्यानं स्वतःचं घातलेलं म्हणाल तर तेवढा एक काना.

मागच्या रांगेतून एक मुलगी उठली. दहावीतली असेल. "सर, मी राजनंदिनी, पाचोडहून आलेय. आमच्या शाळेत हे पुस्तक हाय. ती घरी येतच नाय, सर. नाव काठाला लागते, पण ती उतरत नाय. आई काठावरच उभी ऱ्हाती." तिला त्याला पकडायचं नव्हतं. तिला खरंच विचारायचं होतं. "तुमच्या पुस्तकात येगळं हाय का?"

विश्वजीत हसला. तेवढ्यात बाई उभ्या राहिल्या.

"बाळ, चूक त्यांची नाही. माझी आहे," त्या म्हणाल्या. "मी ती कादंबरी सोळाव्या वर्षी वाचली होती. आमच्या वाचनालयातल्या प्रतीची शेवटची पानं गेली आहेत. मी आठवणीवर विसंबून लिहिलं. मला वाटलं, आली असेल परत."

मित्रांनो, त्याला अजूनही वेळ होता. एक 'बाई' म्हटलं असतं तरी पुरलं असतं. त्यानं बाईंकडे नीट पाहिलं. ओळखलं. आणि तो म्हणाला, "काकू, आपलं नाव?"

बाईंनी गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाल्या, "पहिल्या पानावर आहे. उघडून बघा."

ज्याला त्यांनी आठवीपासून अरे-तुरे केलं, त्याला त्या 'बघा' म्हणाल्या. त्यानं मला उघडलं नाही. फाटक्या कडेवर अंगठा दाबून तो म्हणाला, "पुढचा प्रश्न घेऊ या."

कार्यक्रम संपल्यावर तो मला टेबलावरच टाकून गेला. बाई मंचावर आल्या. आयोजकांपैकी सुरेखाताई म्हणाल्या, "मॅडम, ती वही सरांची आहे."

"वाचनालयाची आहे," बाई म्हणाल्या आणि मधल्या पानावरचा शिक्का त्यांना दाखवला. मग त्यांनी माझं झाकण उघडलं. पहिल्या पानाच्या जागी त्यांनी बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं, आणि मला पिशवीत ठेवलं.

आता मी परत वाचनालयात आहे. दर शनिवारी राजनंदिनी पाचोडहून एसटीनं येते. पहिल्या खेपेला तिनं शाळेतली प्रत आणली आणि बाईंना शेवट वाचून दाखवला. बाईंनी तो दोनदा ऐकला. बाई तिला पुस्तकं देतात. कुठं थांबायचं, काय पुन्हा वाचायचं, सगळं सांगतात, पण तोंडी.

"बाई, लिहून द्या की. इसरते मी," ती एकदा म्हणाली.

"विसरलीस तर परत विचार."

मागच्या शनिवारी तिनं फारच हट्ट धरला. बाईंनी मला कपाटातून काढलं, कोरं पान उघडलं, पेनाचं टोपण काढलं. 'चि. राज' एवढं लिहिलं. पेन तिथंच थांबलं. मग त्यांनी टोपण लावलं आणि म्हणाल्या, "नको गं. बोलूनच सांगते."

मित्रांनो, पुस्तकं जपा, वह्या जपा, हे तुम्हाला सगळेच सांगतील. मी एवढंच मागते, की चांगलं पुस्तक तुमच्या हातात ज्यानं ठेवलं, त्याचं नाव चारचौघांत घ्यायला लाजू नका. माझं एक पान फाटलं, त्याचं दुःख मी गिळलं. पण माझी एकोणचाळीस पानं कोरी आहेत, समोर वाचणारी पोर बसली आहे, आणि बाईंचा हात काही केल्या पुढं सरकत नाही.